नवसूची सुतळी

कचेरीतल्या फायलींना वाळवी लागते, किश्शांना लागत नाही. पेन्शनीत निघालो त्या दिवशी मी टेबलाचे खण रिकामे केले, तर निम्मे कागद हातात घेताच भुगा झाले. किस्से मात्र सगळे जसेच्या तसे! चार माणसं ओटीवर बसली, पानाचं तबक फिरलं, की एकेक आपोआप वर येतो. ऐकणारा म्हणतो, "छे! हे तुम्ही रचलंय." अहो, रचायला अक्कल लागते. ती असती तर जन्मभर कारकुनी कशाला केली असती?

संस्थानाच्या काळात जव्हारच्या कचेरीत माझ्याकडे जाहीरनाम्याचं टेबल होतं. तळ्यात काय धुवायचं नाही, बाजार कुठे भरणार, देवी काढणारा कधी येणार, कुठल्या रस्त्यावर मुरूम पडणार, असं लोकांना कळवायचं जे जे असेल ते मी कागदावर लिहायचं, साहेबांनी सही करायची आणि नवसूने पाडोपाडी ओरडून सांगायचं. वर्तमानपत्र आमच्याकडे चार दिवसांनी पोचायचं, आणि त्यात हेडक्लार्क दामूअण्णा तपकीर बांधून ठेवायचे. जव्हारात बातमी म्हणजे नवसू.

नवसू पन्नाशीचा, काटक. गळ्यात डफ, खांद्यावर कांबळं. दवंडीचं काम बापापासून चालत आलेलं. अक्षराची ओळख नाही. मी कागद एकदा वाचून दाखवायचो, तो डोळे मिटून ऐकायचा, आणि मग आठ-दहा दिवस डोंगरातले पाडे पालथे घालून परत यायचा. एक शब्द इकडचा तिकडे होत नसे.

आता नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पाड्यावर डफ वाजवायचा, हुकूम सांगायचा आणि शेवटी विचारायचं, "आयकला का?" मग पाड्यातल्या कोणीतरी वडीलधाऱ्या माणसाने उत्तर द्यायचं, "आयकला!" तसं उत्तर आलं की नवसू कमरेच्या अंबाडीच्या सुतळीला एक गाठ मारायचा. एक पाडा, एक गाठ. परत आल्यावर ती सुतळी मी लाख लावून फाइलीला चिकटवायची. निम्म्याहून जास्त पाड्यांच्या गाठी नसतील तर हुकूम बजावलाच नाही असं धरायचं. कुणा जुन्या कारभाऱ्याने हे कलम घालून ठेवलं होतं आणि त्याखाली दरबारचा शिक्का होता. लोकांना सही येत नव्हती, पण "ऐकलं" म्हणता येत होतं, एवढा साधा हिशेब!

त्यात आमच्या खात्याला नवे साहेब आले. घाटावरचे. माणूस वाईट नव्हता. वक्तशीर, परीटघडीचा कोट, आणि तोंडात एकच वाक्य, "नियम म्हणजे नियम!" आल्या आठवड्यात त्यांनी डफ ऐकला आणि कपाळाला आठी घातली. "हे काय आदिमानवासारखं? चौकात बोर्ड लावू. दवंडी बंद करायची." आणि लगेच एक कोरी फाइल उघडून वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं : दवंडी बंद करण्याची कारणे.

"कारणं सापडतील तशी लिहीत जाऊ," साहेब म्हणाले. म्हणजे फाइल भरली की नवसू घरी!

मी नवसूला हे सांगितलं. तो डफाची वादी आवळत बसला होता. म्हणाला, "घरी बायको आयकत नाय, भाऊ. म्हस आयकत नाय. पाड्यावर गेला का आख्खा पाडा बोलतो, आयकला. तो बंद झाला तं मना कोन आयकंल?"



*

पहिला किस्सा माझ्याच फजितीचा. साहेब यायच्या आधीचा, माझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यातला.

मी नवा, उत्साही. पहिला जाहीरनामा लिहिला तो असा : "नगरातील समस्त आबालवृद्ध प्रजाजनांस विदित करण्यात येते की, सार्वजनिक जलाशयात गुरेढोरे, विशेषतः महिषी, यांस स्नान घालणे प्रकृतीस अपायकारक असून..." असं सव्वा पान. नवसूपुढे उभा राहून खणखणीत आवाजात वाचलं.

नवसूने डोळे उघडले. "म्हंजे तळ्यात म्हस नाय धवायची. असाच ना?"

"हो."

"मंग ईतका कशाला लिवला?"

दामूअण्णांना तपकिरीचा ठसका लागला. डोळे पुसत ते मला म्हणाले, "तू लिहीत जा रे सदाशिव. वजन कागदाला लागतं, गावाला लागत नाही!"

*

जामसरची बुधीआजी म्हणजे एक प्रस्थच. जामसरला "आयकला" म्हणायचा मान तिचा. आवाज असा, की खालच्या ओढ्यावरच्या बाया वर बघायच्या.

नव्या साहेबांनी पहिलाच हुकूम काढला : रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या राबासाठी तोडू नयेत. आता आमच्याकडे भातानागलीचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर फांद्या, पाला पसरून जाळतात, तो राब. राब नाही तर रोप नाही. साहेबांना मात्र रस्त्यावर सावली हवी होती.

नवसू जामसरला गेला. हुकूम सांगितला. "आयकला का?"

बुधीआजी म्हणाली, "आयकला. पन पटला नाय."

आता आली का पंचाईत! "ऐकला" म्हटलं म्हणून गाठ मारावी, तर पुढे "पटला नाय" आहे. नवसूने खूप विचार केला आणि सुतळीला अर्धी गाठ मारून आणली. सैल, फासासारखी.

साहेबांनी ती भिंगाखाली धरली. "हे काय आहे?"

"जामसर हाय, सायेब. म्हातारी बोलली, सावली तुला पायजे, राब आमाला पायजे."

आमच्याकडे देवालाही 'तू' आणि राजालाही 'तू'. साहेबांना ते नवीन होतं. ते लाल झाले. "नियमात अर्धी गाठ नाही! नियम म्हणजे नियम!" आणि त्यांनी फाइलीत पहिलं कारण लिहिलं : दवंडीवाला लोकांची मते घेऊन येतो.

दामूअण्णा मात्र बिलंदर. त्यांनी सुतळी होती तशीच फाइलीला लावली, शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, "जामसर : ऐकले, पटले नाही," आणि फाइल वर पाठवून दिली. पंधरा दिवसांनी वरून शेरा आला, की खालच्या फांद्या तोडू द्याव्यात, शेंड्याला हात लावू नये. नवसू पुन्हा जामसरला. सांगून झालं. बुधीआजी सूप खाली ठेवून म्हणाली,

"आता पुरी मार!"

*

एकदा दरबारचे एक पाहुणे आले. कुठल्याशा संस्थानातले, वीस-बावीस वर्षांचे, घोड्यावर. साहेब त्यांना परिसर दाखवायला दुसऱ्या घोड्यावर. साहेबांची आणि घोड्याची ती पहिलीच ओळख होती, त्यामुळे दोघेही गंभीर.

वाटेत एका पाड्यापाशी नवसू उभा. पाड्यातली माणसं सगळी रानात गेलेली, त्यामुळे उत्तर द्यायला कोणी नाही. त्याला हे दोन स्वार दिसले. त्याने डफ वाजवला, पाण्याच्या झऱ्याला कुंपण घालायचा हुकूम सांगितला आणि विचारलं, "आयकला का?"

पाहुण्यांना मौज वाटली. ते हसून म्हणाले, "ऐकला!"

"तू नाय रं," नवसू म्हणाला, "तू लहान हायस. वडील मानूस पायजे. तुझ्यासंगती म्हातारा कोन हाय?"

पाहुण्यांनी शांतपणे साहेबांकडे बोट दाखवलं.

साहेब चाळिशीचे. केस नुकतेच कानाजवळ पिकलेले. पण पाहुणे बघतायत म्हटल्यावर करतात काय? घोड्याची आयाळ घट्ट धरून ओरडले, "ऐकलं!"

नवसूने साहेबांच्या नावाची एक पक्की गाठ मारली. हे कारण मात्र साहेबांनी फाइलीत लिहिलं नाही!

*

जव्हारच्या पलीकडे मोखाडा. ते डोंगर खालशात, म्हणजे इंग्रज सरकारच्या मुलखात. सरहद्द कागदावर होती. रानात ती कुणाला दिसत नसे, नवसूला तर नाहीच.

देवी काढणारा डॉक्टर बाजारच्या दिवशी येणार, पोरं घेऊन या, अशी दवंडी होती. धुकं असं, की हातातला डफ दिसू नये. नवसू पायवाट धरून चालत राहिला आणि दोन दिवसांनी एका उंच माळावर निघाला. तिथे पाडे विखुरलेले. एकेका पाड्यावर जाऊन त्याने सांगितलं. त्याने सांगितलं, त्यांनी "आयकला" म्हटलं, त्याने गाठी मारल्या.

ते सूर्यमाळ होतं! तद्दन खालसा!

बाजारच्या दिवशी सूर्यमाळची माणसं पोरं पाठुंगळीला बांधून कचेरीच्या दारात हजर. दोन दिवस चालून आलेली. साहेबांनी सुतळी मोजली, गाठी जास्त. मग चौकशी झाली, मग डोक्याला हात. "हे परमुलखातले लोक आहेत. यांना परत पाठवा. नियम म्हणजे नियम!"

त्यांच्यातला एक म्हातारा पुढे झाला. "आमी आयकला बोललो ना? त्यानं गाठ मारली ना? मंग?"

तेवढ्यात डॉक्टर अस्तन्या सरसावत बाहेर आला. त्याला या भानगडीत रस नव्हता. म्हणाला, "दंड पुढे करा. दंडावर संस्थान लिहिलेलं नसतं!"

सगळ्या पोरांना देवी काढल्या. साहेबांनी फाइलीत दुसरं कारण लिहिलं : दवंडीवाला परमुलखात हुकूम सोडतो. दामूअण्णा हळूच म्हणाले, "साहेब, परमुलूख तो पाळतो, हेही लिहावं का?"

जाताना तो म्हातारा मला म्हणाला, "आमच्याकडं उनाळ्यात पानी नाय, त्या कोनी इचारत नाय. आमच्या सरकारला काय सांगायचा आसंल तं तुमच्या नवसूलाच धाडा."

*

दामूअण्णांना उतारवयात शिरपामाळच्या आसपासचे लोक 'लाटसाब' म्हणून हाक मारत. त्याचीही गोष्ट नवसूपाशीच जाते.

मुंबईहून एक बडे गोरे अधिकारी शिरपामाळ बघायला यायचे होते. शिवाजी महाराजांचा मुक्काम जिथे पडला ती जागा त्यांना पाहायची होती. हुकूम निघाला, लोकांनी धुतलेले कपडे घालून माळावर जमावं, तारपा वाजवावा, नाच करावा. नवसू सांगून आला. गाठी भरपूर.

ऐन सकाळी निरोप आला, की गोऱ्या साहेबांना हिवताप भरलाय, येणं रद्द. माळावर ही गर्दी जमलेली! साहेब नवसूला म्हणाले, "जा, ओरडून सांग, परत जा म्हणावं."

नवसू जागचा हलला नाही. "नाय व्हायचा, सायेब. या डफावर बोलावला, त्याच डफावर त्याच दिशी हाकलायचा नाय. बापानं सांगितला हाय. पाव्हना नाय तं पाव्हन्याचा मानूस तरी बशीव."

साहेब स्वतः बसेनात. घोड्यावरचा प्रसंग ताजा होता. शेवटी दामूअण्णांना कोट चढवून, पगडी नीट करून खुर्चीत बसवलं. दोन तास तारपा, नाच, गळ्यात रानफुलांच्या माळा. एका म्हाताऱ्याने वाकून त्यांच्या बुटांना हात लावला आणि म्हणाला, "लई काळा पडलास रं लाटसाब, उनानं!"

अण्णा परत आले ते शिंकतच. फुलांमुळे की तपकिरीमुळे, कळलं नाही. फाइलीत तिसरं कारण पडलं : दवंडी मागे घेता येत नाही.

*

मग आला बोर्ड. चौकातल्या वडाखाली काळा फळा, वर छोटं पत्र्याचं छप्पर, खडूने सुवाच्य अक्षरात मी लिहिलेली नोटीस. साहेबांनी स्वतः उभं राहून नारळ फोडला.

पहिल्याच दिवशी साहेब खिडकीतून बघत होते. माणसं थांबत होती, फळ्याकडे मान वर करून बघत होती, मान हलवत होती. साहेब खूश. "पाहिलंत? वाचतायत!"

ती माणसं मान वर करून छप्पर बघत होती. मग खाली वाकून फळ्याखाली बसलेल्या नवसूला विचारत होती, "काय लिवलाय रं?" आणि नवसू सांगत होता. सकाळी मी फळा लिहिताना तो मला विचारून ठेवायचा. बस्स, तेवढ्यावर त्याचं दिवसभर वाचन चालायचं!

चार-पाच दिवस हे छान चाललं. मग एका दुपारी साहेबांनी माझं लिहिलेलं पुसून स्वतः नवीन लिहिलं : उद्याचा बाजार वडाखाली न भरता नव्या पटांगणात भरेल. मी दुपारनंतर रजेवर. नवसू आपला सकाळचीच नोटीस वाचत राहिला.

दुसऱ्या दिवशी साहेब हातात छडी घेऊन नव्या पटांगणात. आखलेल्या चुन्याच्या रेषा, आणि त्यांच्यात एकटे साहेब. बाजार वडाखाली तुडुंब! साहेब तरातरा तिथे आले आणि पहिल्याच बाईवर, कंदमुळं विकणाऱ्या, गरजले, "फळ्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही?"

बाई म्हणाली, "वाचला ना, सायेब. नवसूनं वाचला."

हसू नका. मलाही तेव्हा हसू आलं होतं, पण फाइलीचं शेवटचं पान भरलं ते याच दिवशी. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "दवंडी बंद केल्याची ऑर्डर लिहा."

*

मी लिहिली. सव्वा पान नाही, चारच ओळी. इतकी वर्षं नवसूच्या हाताखाली शिकलो होतो ना! पुढच्या महिन्यापासून दवंडी बंद, जे काही कळवायचं ते चौकातल्या फळ्यावर लिहिलं जाईल.

दामूअण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, ऑर्डर बजावायची कशी?"

"म्हणजे?"

"जाहीर हुकूम पाड्यांवर सांगून निम्म्याहून जास्त गाठी आणल्याशिवाय लागू होत नाही. कलम आहे."

साहेबांनी नियमाचं पुस्तक मागवलं, वाचलं. एक क्षण वाटलं, ते पुस्तक फेकून देतील. पण माणूस खरा होता. म्हणाले, "नियम म्हणजे नियम. त्यालाच पाठवा. आणि तुम्ही बरोबर जा. एक शब्द गाळला तर मला सांगा."

कागद वाचून दाखवायची वेळ माझ्यावर आली. नवसूने नेहमीसारखे डोळे मिटले. मी चार ओळी वाचल्या.

नवसूने डोळे उघडले. "म्हंजे म्होरल्या म्हयन्यापासना मी येनार नाय. असाच ना?"

"हो."

"मंग ईतका कशाला लिवला?"

नवी सुतळी त्याने स्वतःच वळली आणि आम्ही निघालो.

पहिलं जामसर. नवसूने डफ वाजवला. माणसं जमली. बुधीआजी अंगणात नागली पाखडत बसली होती. नवसूने हुकूम सांगितला, स्वच्छ, एक शब्द न गाळता. "म्होरल्या म्हयन्यापासना दवंडी बंद. जा काय आसंल त्या बाजारात फळ्यावर लिवतील. नवसू येनार नाय. आयकला का?"

बुधीआजी पाखडत राहिली.

"आयकला का?"

एक कोंबडी ओरडली. बाकी कोणी नाही.

"आजे, तू तं बोल," नवसू म्हणाला.

आजीने सुनेला हाक मारली. "भाऊला पानी दे गं." मग नवसूकडे बघून, "जेवलास का?"

"नाय."

"मंग बस. भाकर खा."

आम्ही नागलीची भाकर खाल्ली, तिखट चटणी खाल्ली, पाणी प्यालो. हुकुमाबद्दल कोणी अक्षर बोललं नाही. निघताना नवसूने पुन्हा एकदा सगळ्यांकडे पाहिलं. सगळे नागलीकडे बघत होते.

पुढच्या पाड्यावर तेच. त्याच्या पुढे तेच. आमच्या आधी कोणी सांगून गेलं असेल म्हणावं, तर वाट एकच आणि तिच्यावर आम्ही दोघंच. एका पाड्यावरचा म्हातारा कानाला हात लावून म्हणाला, "मना आयकाया येत नाय." हाच म्हातारा आम्ही टेकडीपलीकडे असताना आमच्या नावाने हाक मारून वाट दाखवत होता!

नवसू चिडला. खरंच चिडला. "ही काय रीत झाली? बापाच्या येळंपासना आसा नाय झाला. राबाचा नाय पटला तरी बोलली ना म्हातारी, आयकला? हुकूम हाय, भाऊ. हुकूम निघाला तं आयकला बोलाया पायजे!"

"नवसू, तुला कळतंय का ते का बोलत नाहीत?"

तो डफ सावरून पुढे चालू लागला. शेवटच्या पाड्यावरून उतरताना तो एका दगडावर बसला. डफ काढून मांडीवर ठेवला. पाठ माझ्याकडे. मी दोन पावलं लांब थांबलो. बऱ्याच वेळाने उठला, सुतळी कमरेला खोचली आणि म्हणाला, "चल. सायेब वाट बघत आसंल."

कचेरीत साहेब खरंच वाट बघत होते. दामूअण्णा कोपऱ्यात नियमाचं पुस्तक उघडं टाकून बसले होते, तपकिरीची चिमूट हातातच.

"सांगितलं सगळीकडे?" साहेबांनी मला विचारलं.

"सगळीकडे. एक शब्द गाळला नाही."

"सुतळी?"

नवसूने सुतळी टेबलावर ठेवली. साहेबांनी एक टोक धरलं आणि ती बोटांतून हळूहळू ओढली. सरळ. सरळ. सगळी सरळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दामूअण्णांकडे पाहिलं. मग अगदी शेवटाला त्यांचं बोट अडलं.

एक गाठ होती. पक्की.

साहेबांचा चेहरा उजळला. "ही? ही कुठल्या पाड्याची?"

"ती पाड्याची नाय, सायेब," नवसू म्हणाला. "कोनीच बोलला नाय. पन हुकूम निघाला तं कोनी तरी बोलाया पायजे ना. ती माझी. मी आयकला."